सरकार पडलं एका मताने, मतदार मात्र रांगेतच

(पडदा: लोकसभेचं जुनं चित्रण. मतांचा आकडा येतो.)

वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने 269. विरोधात 270. तारीख 17 एप्रिल 1999. दूरदर्शनवर हे सगळं लाइव्ह चालू होतं आणि अध्यक्ष बालयोगींनी आकडा वाचल्यावर सभागृहात काय झालं ते आम्ही सांगत बसत नाही, बाकांवरचे चेहरे बघा.

(आठ सेकंद निवेदन नाही.)

आता ते एक मत कुणाचं यावर आजही वाद रंगतो. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती, ते आले आणि विरोधात मत टाकून गेले. नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी सरकारच्या बाजूने मत द्या हा पक्षाचा व्हिप धुडकावला. ही नावं सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत, पण सरकार खरं अडचणीत आलं ते तीन दिवस आधी, जयललितांनी अण्णाद्रमुकच्या 18 खासदारांचा पाठिंबा काढला तेव्हा. आणि ही सवय काही तेव्हाची नाही.

(पडदा: राष्ट्रपती भवन, एकामागून एक शपथविधी.)

1996 ला भाजपच्या 161 जागा, काँग्रेसच्या 140, बहुमत कुणालाच नाही. वाजपेयी तेरा दिवसांत गेले. 1 जूनला देवेगौडा आले, काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर, म्हणजे मंत्रिपद नको, जबाबदारी नको, पण सरकार कधी पाडायचं ते आम्ही ठरवणार. काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरींनी मार्च 97 ला पाठिंबा काढला, एप्रिलमध्ये गुजराल आले, नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अहवालावरून द्रमुकच्या मंत्र्यांना काढा म्हणून परत तेच, आणि 4 डिसेंबरला लोकसभा बरखास्त. त्याआधी चरणसिंग आणि चंद्रशेखर यांचंही काँग्रेसच्या पाठिंब्यावर हेच झालेलं. अण्णाद्रमुक तर 98 ला वाजपेयींच्या सरकारात सामील होती, म्हणजे आत असो नाहीतर बाहेर, निवडणुकीची वेळ ठरवणारा हात अल्पमतातल्या सरकारचा नसतो आणि मतदाराचा तर मुळीच नसतो.

(पडदा: गोडाऊन. लोखंडी मतपेट्या, धूळ.)

या पेट्या बघा. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीसाठी अशा लाखो पेट्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. 99 मध्ये देशात मतदानयंत्रं मोजक्याच मतदारसंघांत होती, बाकी सगळीकडे कागदच.

(पडदा: निवृत्त गुरुजी टेबलावर मतपत्रिकेची घडी घालून दाखवतात. पूर्ण शॉट, कट नाही.)

गुरुजी तेव्हा केंद्राध्यक्ष असायचे. घडी कशी घालायची बघा, आधी उभी, मग आडवी. कारण शिक्क्याची शाई ओली असते, आडवी घडी आधी घातली की ठसा दुसऱ्याच चिन्हावर उमटणार आणि मोजणीच्या वेळी दोन शिक्के दिसले की भांडण सुरू. मग पेटीला कागदी सील, त्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या, दोरा, लाख. लाख मेणबत्तीवर वितळवायची, तिथे पंखा चालू असला की वैताग. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य मोजून घ्यायचं, एसटीत पेट्या मांडीवर घेऊन केंद्रावर पोचायचं, शाळेच्या सतरंजीवर झोपायचं, पहाटे उठून टेबलं लावायची, संध्याकाळी फॉर्म भरत बसायचं आणि रात्री पेटी जमा केल्याची पावती हातात पडेपर्यंत घर नाही.

(पडदा: दोन मतपत्रिका शेजारी. एक पांढरी, एक गुलाबी.)

आणि महाराष्ट्रात 99 ला हे दुप्पट झालं. युती सरकारची मुदत मार्च 2000 पर्यंत होती, पण नारायण राणे यांच्या सरकारने विधानसभा आधीच बरखास्त करून दोन्ही निवडणुका एकत्र घेतल्या. लोकसभेला पांढरी, विधानसभेला गुलाबी. मतदान 5 आणि 11 सप्टेंबरला, म्हणजे ऐन पोळ्या-गणपतीच्या दिवसांत, आणि मोजणी 6 ऑक्टोबरला, कारण बाकी देशाचे टप्पे संपायचे होते. महिनाभर पेट्या पोलीस बंदोबस्तात पडून. मतदानाच्या आधी, 10 जूनला, शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली होती, त्यामुळे दीड वर्षापूर्वी एकत्र असलेली मतं आता दोन चिन्हांत वाटली गेली. 98 ला 48 पैकी 33 जागा घेणारी काँग्रेस 10 वर आली, राष्ट्रवादीला 6.

(पडदा: रांग. म्हातारी बाई काठी टेकत पुढे सरकते.)

तेव्हा पेपरात एकच शब्द असायचा, मतदार कंटाळलाय. कंटाळला असेलही. पण आकडे काय म्हणतात? देशात 96 ला 58 टक्के मतदान, 98 ला 62, आणि 99 ला 60. महाराष्ट्रात तर सरळ चढतच गेलं, 52, मग 57, मग 61 च्या आसपास. आता शेवटच्या वेळी विधानसभाही होती हे धरा, तरी साडेतीन वर्षांत तिसऱ्यांदा लोकसभेला उभी राहिलेली ही रांग घरी बसली नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत, कंटाळा मतदारावर ढकलणं हा दिल्लीचा सोयीचा बहाणा होता.

इतकं होऊन भाजपच्या जागा 98 ला 182 आणि 99 लाही 182, फरक पडला तो मित्रपक्षांच्या जोरावर. दरम्यान बजेट चर्चेशिवाय मंजूर झालं आणि कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं.

(पडदा: पुन्हा लोकसभा. 270 वर फ्रीज.)

या 270 जणांकडे दुसरं सरकार नव्हतं. सोनिया गांधींनी 272 चा दावा केला, मुलायमसिंगांनी साथ दिली नाही, 26 एप्रिलला सभागृह बरखास्त. जर्मनीत हे असं चालत नाही, तिथे चान्सलर पाडायचा तर त्याच ठरावात नवा निवडावा लागतो, 1982 ला श्मिट जाऊन कोल आले ते तसे, मध्ये निवडणूक न होता. आपल्याकडेही विधी आयोगाने 99 मध्येच असं काहीतरी सुचवलं होतं.

(पडदा: संसदेची नवी इमारत.)

डिसेंबर 2024 ला एकत्र निवडणुकांसाठी 129 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. त्यात लोकसभा मध्येच पडली तर नव्या सभागृहाला पूर्ण पाच वर्षं नाहीत, फक्त उरलेली मुदत. म्हणजे चार वर्षांनी सरकार पडलं तर ही सगळी पळापळ उरलेल्या एका वर्षासाठी. पाडणाऱ्याने आधी पर्याय दाखवावा, ही अट मात्र त्या विधेयकात नाही.