वार लावून जेवणारी परदेशी पोर

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला बेळगावात आले, तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शनिवारचं घर काही मिळालं नव्हतं, म्हणून त्या दिवशी ते उपास धरायचे आणि गल्लीला वाटायचं, पोरगा मारुतीचा भक्त आहे. म्हातारपणी म्हणायचे, "पुस्तकातलं किती राहिलं ठाऊक नाही, पण कुठल्या घरी आमटीत गूळ पडायचा ते अजून सांगतो."

हे आज आठवायचं कारण म्हणजे रोटरी क्लबाचं यूथ एक्स्चेंज. पंधरा ते एकोणीस वर्षांचं मूल शाळेचं एक वर्ष परदेशात जाऊन राहतं. हॉस्टेलात नाही, लोकांच्या घरात. तेही एकाच नव्हे, वर्षभरात बहुतेक दोन-तीन घरांत. बेळगावातल्या आमच्या शहापुरात करोनाच्या आधी ब्राझीलची एक सतरा वर्षांची मुलगी चार महिने राहून गेली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं, "म्हणजे ही वार लावून जेवाय आलीय की गे!"

अगदी तेच. फक्त वार चार महिन्यांचा.

ही पद्धत काही कालची नाही. युरोपातल्या रोटरी क्लबांनी १९२७ च्या सुमारास मुलांची अशी अदलाबदल सुरू केली. महायुद्धात ती थांबली आणि युद्ध संपल्यावर १९४६ पासून पुन्हा सुरू झाली. कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतली पोरं पुन्हा एकमेकांच्या घरी जेवायला बसू लागली. आपल्याकडे दोन भावांनी बांधावरून भांडण काढलं तर तीन पिढ्या एका पंगतीला बसत नाहीत, म्हणून मला याचं जास्त अप्रूप.

आता व्यवहाराचं बोलते, कारण पालक तेच विचारतात. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च मुलाच्या आईवडिलांचा. तिकडे राहणं-जेवणं त्या घरांचं. शाळेची सोय आणि महिन्याला थोडा हातखर्च बोलावणारा क्लब बघतो. मूल रोटरीवाल्याचंच हवं असं नाही, आणि ठेवून घेणारं घरही रोटरीवाल्याचं लागत नाही. आमचे हे आयुष्यात कुठल्या क्लबाच्या पायरीवर चढले नव्हते. तरी क्लबाची माणसं घर बघायला आली, सगळ्यांशी बोलली, कोण कोण राहतं ते विचारलं. सासूबाईंना ते मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं आणि त्यांनी पोहे केले. मी आपली घर लहान म्हणून ओशाळलेली. पण त्यांची मागणी काय, तर मुलीला स्वतःचं अंथरूण हवं. खोली माझ्या लेकीबरोबर वाटून घेतली तरी चालेल. एवढंच. आणि एक सरकारी काम असतं, ते विसरू नका. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत सरकारला कळवणारा फॉर्म भरावा लागतो. आमच्या वेळी त्याला 'सी फॉर्म' म्हणत.

ती ऑगस्टात आली. बेळगावचा ऑगस्ट! आठ-आठ दिवस ऊन नाही. चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, स्वयंपाकघरात आडवी दोरी बांधून आम्ही कपडे वाळवतो, तर तिचेही तिथंच. या मुलांचा एक निळा कोट असतो. भेटेल त्या देशाच्या मुलाशी बिल्ल्यांची देवघेव करायची आणि ते कोटावर लावायचे. वर्षअखेर तो कोट चिलखतासारखा जड होतो. तिच्या कोटाला आमच्या पावसात बुरशी आली. मी मनातून घाबरले, पण तिनं ब्रशनं झाडला आणि फोटो काढून आईला पाठवला.

पहिला आठवडा मी मोठी चूक केली. परदेशी पोर, तिखट सोसायचं नाही, म्हणून रोज पाव, लोणी, उकडलेला बटाटा. गुपचूप खायची. आठव्या दिवशी स्वयंपाकघरात आली आणि झाकण उघडून बघितलं, तर आत भात आणि मसुराची उसळ. उभ्याउभ्या दोन वाट्या खाल्ली! तिच्या देशात घरोघर रोज भात आणि कडधान्यच असतं म्हणे, काळा घेवडा शिजवलेला. म्हणजे पोर आपल्या घरचं जेवण आठ दिवस वासानं ओळखत होती आणि मी तिला पाव खायला घालत होते.

या मुलांना चार 'डी'ची मनाई असते: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग आणि डेटिंग. सासूबाईंना पहिल्या दोनचं काही वाटलं नाही, चौथा त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावला. खरा त्रास झाला तिसऱ्याचा. आमच्या गल्लीत आठवीतली पोरंसुद्धा स्कूटी पळवतात, त्यामुळे सतरा वर्षांची ही घोडी मागं का बसते, हे कुणाला कळेना. बरं झालं. निदान माझ्या लेकीला लायसन्सचं महत्त्व कळलं.

भाषेचं तर विचारूच नका. दूधवाल्याला कन्नडात "ऊटा आतेन्री?" आणि आजीला "जेवलीस काय गे?" हे ती तिसऱ्या आठवड्यात बोलायला लागली. एकाच प्रश्नासाठी दारात एक भाषा नि स्वयंपाकघरात दुसरी, हे तिला भारी वाटायचं. आम्हाला त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आपण सीमाभागातली माणसं, भाषा म्हटलं की आधी मोर्चा आठवतो. गंमत अशी की रोटरीच्या नकाशात ही सीमाच नाही. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर आणि गोवा, सगळे एकाच डिस्ट्रिक्टात, नंबर ३१७०. कुणी खटला भरला नाही, कुणी बस अडवली नाही.

आणखी एक सांगते. लायन्स क्लब ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी शांततेवर चित्रांची स्पर्धा घेतो, १९८८ पासून. तिचा नियम असा, की चित्रावर कुठल्याही भाषेतलं एकही अक्षर किंवा आकडा काढायचा नाही. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर नि कुठली खाली यावर माणसं हातघाईवर येतात. हा नियम करणाऱ्यानं बेळगाव पाहिलं नसणार, पण आपल्या कामाचा नियम आहे.

तर पालकांची अडचण मला माहीत आहे. दहावी झाली की पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, मग सीईटी, नीट. वर्ष वाया जाईल. ही भीती खोटी नाही, परत आल्यावर बहुतेकांना तो वर्ग पुन्हा करावा लागतो. त्यांच्यासाठी काही आठवड्यांचं छोटं एक्स्चेंज असतं, सुट्टीत. तेही परवडत नसेल तर शाळेत रोटरीचाच इंटरॅक्ट क्लब काढा, बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा. वर्षाला निदान दोन कामं करायची, एक आपल्या शाळेसाठी किंवा गावासाठी आणि एक परदेशाशी ओळख वाढवणारं. १९६२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका हायस्कुलात पहिला क्लब निघाला. आमच्या गावाकडच्या शाळांत हे का होत नाही, हे मी कधीपासून विचारते आहे. मास्तर म्हणतात, इंग्रजी माध्यमवाल्यांचं ते. कुणी सांगितलं?

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. ही अदलाबदल आहे. आपलं एक मूल जातं, तेव्हा त्यांचं एक इकडे येतं, आणि त्याला घरं लागतात. आमच्याकडच्या ब्राझीलच्या मुलीनंतर क्लबानं गल्लीत विचारलं, तर पोराला पाठवायला पाच घरं तयार होती. ठेवून घ्यायला एक. एका बाईंना बाथरूम जुनं वाटत होतं, एकांच्या घरी परीक्षा होती, एक म्हणाले आम्हाला इंग्रजी येत नाही. अहो, माझ्या सासूबाईंना कुठं येत होतं? त्या नि ती पोर रोज दुपारी तांदूळ निवडत बसायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी पोर्तुगीजमध्ये, आणि दोघींचं चाललेलं असायचं. वार लावून जेवू घालणाऱ्या ज्या बायकांनी माझ्या वडिलांना शिकवलं, त्यांच्या घरी तरी कुठं दोन खोल्या होत्या!

गणपती झाले. कपिलेश्वर तलावावर विसर्जनाला ती पहाटेपर्यंत उभी होती. दिवाळी झाली, आणि डिसेंबरात ती टिळकवाडीतल्या दुसऱ्या घरी गेली. अंतर रिक्षाचं, तरी सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

आता तिचं शिक्षण संपत आलंय. वाढदिवस-बिढदिवस विसरते. पण दरवर्षी आमच्याकडे पाऊस लागला, बातम्यांत कुठं पूर आला, की तिचा व्हिडिओ कॉल येतो. सासूबाई फोन डोळ्यांपाशी नेतात, इतक्या जवळ की तिला नुसतं कपाळ दिसत असेल. आणि तिकडून पहिलं वाक्य ठरलेलं:

"आजी, कपडे वाळले काय गे?"