रेशीचं टिंक्चर : आधी मद्य, मग पाणी

(दृश्य : ओट्यावर सुकलेली रेशी, जवळून)

ही रेशी, एक औषधी अळंबी. शास्त्रीय प्रजाती गॅनोडर्मा, चीनमधलं नाव लिंगझी. वरून तांबूस-तपकिरी, लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत. खाली धिंगरीसारखे पडदे नाहीत, फक्त बारीक छिद्रं. सुकल्यावर ती लाकडाइतकी टणक होते, म्हणून तिची भाजी होत नाही. काढा होतो, नाहीतर टिंक्चर, म्हणजे मद्यात उतरवलेला अर्क.

आपल्याकडे औषधी अळंबी नवी नाही. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा फणसांबा उगाळून तोंडाच्या विकारांवर लावतात. पण तो फेलिनस प्रजातीचा, रेशीपेक्षा वेगळा. एकाची कृती दुसऱ्याला लावू नका. गुलमोहराच्या किंवा नारळाच्या बुंध्यावर दिसलेलं चकचकीत गॅनोडर्माही तोडून आणू नका. त्याच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि अळंबी जड धातू शोषून घेते. रस्त्याकडेच्या झाडावरची तर नकोच. लागवडीची रेशी मिळते. हिमाचलमधल्या सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयात तिच्या लागवडीवर काम झालं आहे. विकत घेताना तुकडे किंवा काप घ्या. भोकं दिसली, पिशवीच्या तळाशी भुसा साचलेला दिसला, तर आत कीड आहे.

(दृश्य : अडकित्त्याने रेशी कातरताना)

अख्खी मिळाली तर थोडी वाफ द्या, नरम झाली की अडकित्त्याने हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि पुन्हा खडखडीत वाळवा. मिक्सरमध्ये पीठ करायचा मोह टाळा. पिठाचा लगदा होतो, फडक्यातून गळत नाही, आणि पिळताना निम्मं मद्य त्यातच राहतं.

आता मुद्द्याचं. रेशीतली बीटा-ग्लुकान नावाची शर्करा पेशींच्या चिवट भिंतींत अडकलेली असते. ती सुटते गरम पाण्यात, काही तास उकळल्यावर. कडूपणा ज्यांचा, ती ट्रायटर्पीन पाण्यात फारशी उतरत नाहीत. त्यांना अल्कोहोल लागतं. नुसतं मद्यात मुरवलं तर पहिली मागे राहते, नुसता काढा केला तर दुसरी. म्हणून दोन्ही करायचं.

(दृश्य : वजनकाटा, बरणी, व्होडका)

१०० ग्रॅम सुकी रेशी, ५०० मिलिलिटर साधी व्होडका. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात मद्य घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदी आहे. तिथे हे करता येणार नाही. आणि पर्याय म्हणून सर्जिकल स्पिरिट, पॉलिशचं स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं. त्याने डोळे जातात, जीव जातो.

काचेची बरणी कोरडी हवी. तुकडे पूर्ण बुडायला हवेत. वर उघडा राहिलेला तुकडा बुरशी धरतो. झाकण पत्र्याचं असेल तर खाली बटर पेपर घाला. अंधाऱ्या कपाटात ४ ते ६ आठवडे ठेवा, रोज एकदा हलवा. ओली रेशी मात्र अशी घालू नका. तिच्यातलं पाणी मद्यात उतरतं, टक्केवारी घसरते आणि पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

(दृश्य : मलमलीतून गाळणं, चोथा पिळणं)

गाळा, पिळा, मोजा. ५०० पैकी साधारण ४०० मिलिलिटर परत येतं, बाकीचं चोथा पितो. हे झाकून बाजूला ठेवा. चोथ्यात अजून मद्य आहे, त्याची वाफ पेट घेते. म्हणून तो गॅसपासून लांब, खिडकीशी ताटात पसरून सुकू द्या.

मग त्यात दीड लिटर पाणी घाला आणि मंद आचेवर ३ तास ठेवा. खळखळ नको, नुसते बुडबुडे. पाणी आटलं तर भर घाला. गाळून पुन्हा एक लिटर पाण्यात २ तास. दोन्ही काढे एकत्र करून रुंद पातेल्यात आटवा, चोथ्याशिवाय. चोथ्यासकट आटवलं की तळाला लागतं आणि जळका वास शेवटपर्यंत जात नाही.

किती आटवायचं? इथेच बहुतेक बाटल्या बिघडतात. टिकण्यासाठी शेवटी २५ टक्के अल्कोहोल हवं. २० च्या खाली गेलं की आंबायला लागतं. रेशीतला थोडा ओलावा धरून आपलं मद्य ४० टक्के समजू. ४०० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल १६०. १६० म्हणजे २५ टक्के व्हायला एकूण ६४० हवेत, म्हणजे काढा २४०. सोपं सूत्र : जेवढं मद्य परत आलं त्याच्या ०.६ पट काढा. ३५० आलं तर २१०. हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून अल्कोहोल मोजणारी नळी) बुडवून पाहू नका; विरघळलेल्या द्रव्यांमुळे तो चुकीचं दाखवतो.

(दृश्य : पातेल्यात मद्य ओतताना)

काढा पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर अल्कोहोल उडतं. मग काढ्यात मद्य बारीक धारेने ओतत ढवळा. उलट केलं तर काढ्याचे पहिले थेंब थेट कडक मद्यात पडतात, आणि शर्करेचे धागे धरतात. थोडा गढूळपणा येणारच. तो गाळून टाकू नका, त्यातच काढ्याचं सत्त्व आहे. घेण्याआधी बाटली हलवायची.

तपकिरी बाटलीत भरा. साठा फिरकीच्या झाकणाखाली, ड्रॉपर फक्त रोजच्या बाटलीला, कारण मद्याने त्याचं रबर खराब होतं. चिठ्ठीवर तारीख, रेशीचं वजन, अल्कोहोलची टक्केवारी. बुडबुडे, आंबूस वास किंवा वर साय दिसली तर ओतून द्या.

आता थेंबांचा हिशेब. १०० ग्रॅमचे ६४० मिलिलिटर, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये रेशी फक्त ०.१६ ग्रॅम. चीनच्या औषधकोशात काढ्यासाठी रोज ६ ते १२ ग्रॅम सांगितली आहे. ६ ग्रॅम गाठायला हे टिंक्चर ३८ मिलिलिटर प्यावं लागेल, आणि त्याबरोबर साडेनऊ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. वीस थेंबांत चमत्कार शोधणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. कर्करोगावर उपचार म्हणून तर रेशीवर विसंबण्याइतका पुरावा नाही. चालू उपचार सोडू नका.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं किंवा रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या असतील तरीही विचारा. मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध घेताना यातलं मद्य नको. यकृताचा आजार, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, लहान मुलं, दारू सोडलेली माणसं, यांच्यासाठी हे नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीच बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.