काडी आणि मूठ

हे पोस्टर नीट पाहा. गडद पार्श्वभूमी, लाल रंगाच्या दोन काड्या, त्यांची पिवळी गुलं. वर एकच शब्द, ‘प्रीस्टर’. आगपेटीच्या कंपनीचं नाव. बाकी काही नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधल्या एका स्पर्धेसाठी ल्युशियन बर्नहार्ड या तरुणानं ते काढलं. सांगतात, की आधी चित्रात टेबल होतं, सिगार होता, नाचणाऱ्या मुलीही होत्या. एका मित्राला ती सिगारचीच जाहिरात वाटली. मग बर्नहार्डनं एकेक वस्तू पुसून टाकली. उरल्या काड्या.

आता हे दुसरं पोस्टर. पहिलं महायुद्ध सुरू आहे. चिलखती पंजाची आवळलेली मूठ आणि सोबत जाड, टोकदार अक्षरं: ‘शांततेचा मार्ग हाच आहे. शत्रूंनाच तसं हवंय! म्हणून युद्धकर्ज रोखे घ्या.’ चित्रकार तोच, रीतही तीच. एक वस्तू, मोजके शब्द. ठोशाला शांततेचा मार्ग म्हणणारी ही ओळ मला त्या मुठीपेक्षाही भयंकर वाटते.

जर्मनीनं असं कर्ज नऊ वेळा काढलं. सुमारे ९८ अब्ज मार्क जमा झाले, त्यात साध्या घरांतली शिल्लकही होती. १९१७ मध्ये याच कर्जाच्या पोस्टरसाठी फ्रिट्झ एर्लरनं काढलेला सैनिक आठवा: डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, मागे काटेरी तारा, दूर कुठंतरी लागलेले डोळे. ‘आम्हाला जिंकायला मदत करा!’ लोकांनी केली. १९२३ च्या महागाईत त्या रोख्यांची रद्दी झाली.

त्याच वर्षी बर्नहार्ड न्यूयॉर्कला गेला. म्युनिकचा पोस्टर-चित्रकार लुडविग होलवाइन मात्र मागे राहिला, १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला आणि आपली देखणी रेषा त्यानं त्या राजवटीच्या पोस्टरांना दिली.

आणि ही पोस्टरं जिवापाड जपणारा माणूस? हान्स झाक्स. बर्लिनमधले ज्यू दंतवैद्य. पोस्टरप्रेमींसाठी त्यांनी १९१० पासून नियतकालिक चालवलं, साडेबारा हजार पोस्टरं जमवली. १९३८ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तो संग्रह उचलून नेला आणि त्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत डांबलं. सुटल्यावर ते अमेरिकेला गेले. संग्रह नष्ट झाला, असंच ते धरून चालले होते. त्यातला काही भाग पूर्व बर्लिनमध्ये शाबूत असल्याचं त्यांना १९६६ मध्ये कळलं. १९७४ मध्ये ते गेले.

२०१२ मध्ये जर्मन न्यायालयाच्या निकालानं चार हजारांहून अधिक पोस्टरं त्यांच्या मुलाला परत मिळाली.