डोहातलं मऊ पाठीचं कासव

नमस्कार, श्रोतेहो.

भीमेकाठी माझ्या आजोळी एक डोह होता. उन्हाळ्यात नदीची धार करंगळीएवढी व्हायची, पण त्या डोहाचा तळ कधी कुणी पाहिला नाही. दुपारी काठावर गुपचूप बसलं की पाण्यातून बोटाएवढी एक नळी वर यायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा बुडायची. ते कासवाचं नाक. बाकीचं अंग खाली गाळात दडलेलं.

देवळात ज्या दगडी कासवाला हात लावून आपण पुढे जातो, त्याची पाठ टणक. याच्या पाठीवर मात्र जाड चामडं असतं, आणि कड तर इतकी मऊ की बोटाने दाबली तर वाकते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. लीथचं कासव हे त्याचं पुस्तकातलं नाव, लीथ नावाच्या मुंबईतल्या एका डॉक्टरावरून पडलेलं. गोदावरी, भीमा, कृष्णा, कावेरी या नद्यांमधलं हे कासव भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेही नाही. गेल्या ३० वर्षांत त्याची संख्या ९० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे. ते आता 'अतिसंकटग्रस्त' आहे.

आपल्या अभंगांतली कासवी नुसत्या नजरेने पिल्लं पोसते. खरी कासवी काठावर खड्डा करते, अंडी घालते, वरून वाळू-माती लोटते आणि पाण्यात परतते. त्यापुढे अंड्यांची आई म्हणजे ती वाळूच. तिची ऊब, तिची ओल. आणि आपण नेमकी तीच उचलतो आहोत. पोकलेनच्या एका बकेटीत अख्खं घरटं जातं, चालवणाऱ्याला कळतही नाही. रात्री बोटी लावून तळातून उपसा झाला की डोहही मोडतो. वाळूचोरी म्हटलं की आपण बुडालेल्या महसुलाचा हिशेब मांडतो. माझ्या मते त्याहून मोठी चोरी या पाळण्याची आहे.

धरणातून अवेळी पाणी सुटलं की काठावरची अंडी बुडतात. सुटलंच नाही तर डोह आटतात. मळीचं, गटाराचं पाणी येतं ते वेगळंच. शिवाय मांसासाठी शिकार आहेच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात भरलेल्या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, भारताच्याच प्रस्तावावरून, या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्या वन्यजीव कायद्यानेही त्याला मारणं, विकणं, पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. घरात कासव असलं की पैसा टिकतो, या समजुतीपायी कृपा करून कुणी ते विकत घेऊ नका. दुकानातून आणलेलं लाल कानांचं परदेशी कासव कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका. ते इथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.

आजोळचे एक भोईमामा मला आठवतात. गळाला कासव लागलं की ते त्याला ओल्या गोणपाटात धरायचे, पकडीने गळ तोडायचे आणि डोहात सोडून द्यायचे. "ह्यो डोहाचा राखणदार हाय," एवढंच म्हणायचे. नदीवर जाळं टाकणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्या जाळ्यात असं कासव आलं तर त्याला सोडा. जखमी असेल, किंवा कुणी विकताना दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि तुमच्या गावच्या नदीत असा डोह अजून शाबूत असेल, तर येत्या ग्रामसभेत त्याचं नाव घ्या. तिथली वाळू उचलायची नाही, असा ठराव लिहून घ्या.

नमस्कार.