बेळगाव कॅम्पातलं सेंट पॉल्स

श्रोतेहो, नमस्कार.

सीमाभाग म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा १९५६ साल आठवतं. राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि जे भांडण लागलं ते अजून कोर्टात आहे. पण आज मी ज्या शाळेविषयी बोलणार आहे, ती बेळगाव कॅम्पातली सेंट पॉल्स हायस्कूल, त्या वर्षी शंभरीला आली होती. १८५६ सालची ही जेसुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची शाळा. मुंबई विद्यापीठसुद्धा तिच्यापेक्षा एका वर्षानं धाकटं!

शाळा गावात न निघता कॅम्पात का निघाली? १८१८ मध्ये जनरल मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे तिथे इंग्रजांची मोठी छावणी वसली. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक पुष्कळ. पलटण आली की तिच्यामागं चर्च आलं, आणि चर्चच्या मागोमाग शाळा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मिशनरी शाळांची सुरुवात ही अशी बराकींच्या शेजारी झाली आहे.

पण बेळगाव ही नुसती छावणी नव्हती. घाट उतरला की पलीकडे पोर्तुगीजांचा मुलूख. तिथल्या सरकारी शाळांत पोर्तुगीज शिकवायचे. आणि नोकरी तर मुंबईत, पुण्यात, कराचीत, सगळी इंग्रजीवर चालणारी. मग गोव्यातल्या ज्या घरांना परवडत होतं, ती मुलाची ट्रंक भरून त्याला घाटावर पाठवत. कॅसलरॉकला जकातीचं नाकं, सामानाची तपासणी, आणि पुढे ब्रिटिश हिंदुस्थान. एवढा पल्ला मारायचा तो मॅट्रिकच्या सर्टिफिकेटासाठी.

जेसुइटांनाही ही हद्द कामाला आली. पोर्तुगालनं त्यांना १७५९ मध्ये एकदा हाकललं होतं. १९१० मध्ये तिथे राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, त्यानंही पहिल्याच आठवड्यात तोच हुकूम काढला. बेळगावात तो हुकूम चालत नव्हता. गंमत अशी, की गाव इंग्रजांचं असलं तरी बेळगावचे कॅथलिक गोव्याच्या आर्चबिशपच्या हद्दीत मोडत. देश स्वतंत्र झाला तरी हे तसंच होतं. १९५३ मध्ये बेळगावचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा कुठे ते सुटलं. १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, गोव्याची नाकेबंदी झाली, रेल्वेही थांबली. आणि त्या हद्दीचा प्रश्न मिटायच्या आतच दारात भाषेची हद्द येऊन उभी!

१९५६ नंतर मुलं बसायची ती परीक्षा बदलली. पुण्याच्या बोर्डाची एसएससी जाऊन म्हैसूर राज्याची एसएसएलसी आली. गावातल्या मराठी शाळांना याचा जो चटका बसला, तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेला तितका बसला नाही. इतिहास-गणित इंग्रजीतच राहिलं. त्यातून कॅम्पाचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे वरचा साहेब दिल्लीच्या संरक्षण खात्यात. पण घराघरात एक प्रश्न उरलाच : पोराला दुसरी भाषा कोणती घ्यायची? पाटील आडनावावरून बेळगावात माणूस मराठी की कन्नड ते कळत नाही, इतकी ही माणसं एकमेकांत मिसळलेली. भाषेच्या रकान्यात मात्र दोन्ही लिहिता येत नाहीत. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले. त्या दिवसांत हा रकाना भरणं म्हणजे बाजू घेणंच होतं.

लोक म्हणतात, इंग्रजी शाळांनी मुलांना या भांडणापासून वाचवलं. मला हे अर्धंच पटतं. वाचवलं खरं, पण त्याची किंमत मराठीनंही मोजली आणि कन्नडनंही. ज्या घरांना फी झेपत होती ती हळूहळू इंग्रजीकडे सरकली, आणि भाषेसाठी लाठ्या खायला उरली ती सरकारी आणि गल्लीतल्या शाळांतली पोरं. याचा दोष मी सेंट पॉल्सला देणार नाही. ती निघाली तेव्हा हा वाद कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

आज ही शाळा जेसुइटांच्या गोवा प्रांताकडे आहे. माजी विद्यार्थी स्वतःला ‘पोलाइट्स’ म्हणवतात आणि फादर एडी यांच्या नावानं शालेय फुटबॉल स्पर्धा भरवतात. बेळगावला फुटबॉलचं वेड जुनं, पलटणींनी लावलेलं. कधी जाणं झालं तर स्टँडवरून रिक्षा करा आणि नुसतं ‘कॅम्प, सेंट पॉल्स’ म्हणा. मराठीत म्हणा नाहीतर कन्नडमध्ये, रिक्षावाला भाडं तेवढंच सांगेल.

नमस्कार.