इलेक्टरने पलटी मारली तर मत कुणाच्या खात्यात जातं?

नमस्कार मंडळी! अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी नाही, तर राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरच्या मतांनी ठरतो. कमेंटमध्ये पुन्हा तेच: ‘तिथल्या सुप्रीम कोर्टाने इलेक्टरना बांधून टाकलंय (म्हणजे ठरलेल्या उमेदवारालाच मत द्यायची सक्ती केलीय), मग आता कसली भीती?’ नाही हो, कोर्टाने कुणालाही बांधलेलं नाही!

बेसिक पटकन उरकतो. अमेरिकेत एकूण ५३८ इलेक्टर, जिंकायला २७० लागतात. राज्याचे हाऊसमधले (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले) सदस्य अधिक दोन सिनेटर (वरिष्ठ सभागृहातले), तेवढे त्याचे इलेक्टर. नावं बहुतेक ठिकाणी पक्ष ठरवतो, पेन्सिल्व्हेनियात उमेदवार स्वतः देतो. खासदार चालत नाही. राज्यात जो जिंकतो त्याची अख्खी यादी निवडून येते. अपवाद मेन आणि नेब्रास्का: तिथे दोन इलेक्टर राज्याच्या निकालावर, बाकीचे एकेका मतदारसंघाच्या निकालावर.

आता खरी मेख. तारीख १९ डिसेंबर २०१६, इलेक्टर आपापल्या राज्यात मत द्यायला जमलेत.

वॉशिंग्टन राज्यात डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन जिंकल्या होत्या, पण बारापैकी चौघे त्यांना सोडून गेले. तिघांनी तर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलचं नाव लिहिलं. नंतर प्रत्येकी १,००० डॉलर दंड झाला. आणि मतं? ती मोजली गेली. दंड माणसाला बसला, मताला धक्काही लागला नाही.

कोलोरॅडोतही क्लिंटन जिंकल्या होत्या, पण एकाने रिपब्लिकन नेते जॉन केसिकचं नाव लिहिलं. ते मत स्वीकारलंच नाही, त्याला बाजूला करून जागेवरच दुसरा इलेक्टर नेमला. मत क्लिंटनना.

टेक्ससमध्ये दोघे ट्रम्पना सोडून गेले. तिथे तेव्हा बांधणारा कायदाच नव्हता. ना दंड, ना बदली. ट्रम्पची ३८ मतं ३६ झाली.

एकच दिवस आणि तीन निकाल, कारण कायदा राज्याचा. ६ जुलै २०२० ला कोर्टाने एकमताने म्हटलं ते एवढंच: राज्य इलेक्टरला बांधू *शकतं*, न पाळल्यास दंड करू *शकतं*. ‘बांधलंच पाहिजे’ असं कुठेही नाही. राज्याने कायदा केला नाही, तर इलेक्टर आजही मोकळा.

‘म्हणजे आपला व्हिपच की!’ असं एकाने लिहिलंय. अर्धं बरोबर. आपल्याकडे व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते, पण दिलेलं मत मोजलं जातं. वॉशिंग्टनचा जुना कायदा साधारण तसाच. (आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र व्हिप काढताच येत नाही.)

म्हणून कायदा वाचताना शिक्षा किती हे नंतर बघा. आधी बघा, चुकीच्या मतपत्रिकेचं काय करतात. वॉशिंग्टनने २०१९ मध्ये तेच दुरुस्त केलं. आता इलेक्टर मतपत्रिकेवर सही करून ती अधिकाऱ्याकडे देतो. ती कोरी असली किंवा नाव वेगळं असलं, तर अधिकारी ती घेतच नाही. त्या क्षणी जागा रिकामी धरतात आणि पर्यायी इलेक्टर मत देतो. तिथे गुप्त मतदान ठेवलं असतं, तर कोण फिरला हे कळलंच नसतं.