तीन विभाग, तीन चाली

परवा एका मुलानं मला त्याचं कॅटच्या, म्हणजे आयआयएममधल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासाचं वेळापत्रक दाखवलं. लाल, निळ्या, हिरव्या शाईत आखलेलं, रोजचे सहा तास, तिन्ही विभागांना मोजून दोन-दोन. मी विचारलं, "पाळतोस का?" तो हसला. खोदून विचारल्यावर कळलं की क्वांटच्या (गणिताच्या) दोन तासांचे चार होतात, डीआयएलआरला (तक्ते-आलेख आणि तर्काची कोडी) उरलासुरला वेळ मिळतो आणि व्हीएआरसीचं (इंग्रजी वाचन आणि आकलन) 'रविवारी बघू' असतं. मुलगा इंजिनिअरिंगचा. गणित त्याला आवडतं, उत्तर आलं की बरं वाटतं. आपण अभ्यासाला बसतो तेव्हा बरेचदा हे बरं वाटणंच शोधत असतो.

त्याला मी काय बोलणार? मी स्वतः तेच केलं होतं, तेही घरी नाही, थेट परीक्षेत. २०१४ची कॅट. तेव्हा १७० मिनिटं, १०० प्रश्न, दोनच विभाग, आणि या विभागातून त्या विभागात केव्हाही जाता यायचं. मी गणितात शिरलो. एक प्रश्न सुटेना, तर तो सोडवल्याशिवाय हलायचं नाही असा हट्ट. मग दुसरा तसाच. इंग्रजी आणि लॉजिककडे वळलो तेव्हा जेमतेम पाऊण तास उरला होता. एकूण पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहोत तो आकडा, नातेवाइकांना सांगण्याजोगा आला, पण त्या विभागाच्या कटऑफनं, म्हणजे किमान पर्सेंटाइलच्या अटीनं, अडवलं. मुलाखतीसाठी एकाही आयआयएमचा कॉल नाही.

पुढच्याच वर्षी, २०१५ला, परीक्षेचे तीन विभाग झाले आणि प्रत्येकाला ६० मिनिटांची वेगळी वेळ बांधून दिली. २०२०पासून ती ४० मिनिटं आहे. आधी व्हीएआरसी, मग डीआयएलआर, शेवटी क्वांट. क्रम बदलत नाही, वेळ संपायच्या आत पुढे जाता येत नाही, मागे वळताही येत नाही. म्हणजे माझी चूक आता परीक्षेत करताच येणार नाही. ती घरी अभ्यासाच्या टेबलावर मात्र खुशाल करता येते, कारण तिथे वेळ संपली म्हणून स्क्रीन बदलत नाही.

बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागाला किमान पर्सेंटाइल ठेवतात. संस्थेप्रमाणे, प्रवर्गाप्रमाणे आकडा बदलतो, पण अर्थ एकच: एका विभागात उंबरठ्याखाली राहिलात तर दुसऱ्यातले ९९ कामाला येत नाहीत. उंबरठा ओलांडला की मग मात्र एकूण गुण बोलतात. त्यामुळे आधी कच्चा विभाग उंबरठ्यापार न्यायचा, थोडं अंतर हाताशी ठेवून. आणि मग जिथे गुण वाढतात तिथे वेळ घालायचा. हे कळायला तासांची वही उपयोगाची नाही, मॉकची, म्हणजे सराव परीक्षांची, वही लागते.

आता तासांचं. सारखे तास वाटून समतोल येत नाही, कारण तिन्ही विभागांचा स्वभाव वेगळा आहे. व्हीएआरसी विरजणासारखं आहे. रात्री थोडं लावलं की सकाळी दही होतं. सकाळी घाई म्हणून डावभर जास्त घातलं तर नुसतं आंबट होतं. २०२४च्या पेपरात या विभागात २४ प्रश्न होते, त्यातले १६ चार उताऱ्यांवर. उतारे तत्त्वज्ञानाचे, मानववंशशास्त्राचे, अर्थकारणाचे. मराठी माध्यमातली मुलं मला सांगतात, "सर, इंग्रजी कच्चं आहे." शब्द अडतात हे खरं, पण मला तरी असं दिसतं की त्याहून जास्त अडतं ते लेखक कुठे उभा आहे हे ओळखणं. अग्रलेख वाचून 'संपादकाला नेमकं काय म्हणायचंय' हे एका वाक्यात सांगता येतं का? ते मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत कसं जमेल? आणि मराठीत जमत असेल तर अर्धं काम झालेलं आहे. म्हणून रोज अर्धा-पाऊण तास वाचन, अपवाद नाही. रविवारी सहा तास वाचून हे भरून निघत नाही.

क्वांटचं उलट. ते सलग दोन-अडीच तास बसून, एक प्रकरण धरून होतं, आणि चार दिवस खंड पडला तरी विसरत नाही. ज्यांना गणिताची सवय आहे त्यांना आठवड्यातून तीन बैठका पुष्कळ. दहावीनंतर गणित सोडलेल्यांनी शेकडेवारी, गुणोत्तर, वेळ-काम-वेग यांपासून सुरुवात करावी. या पेपरात अंकगणिताचा वाटा मोठा असतो. भूमितीची भीती नंतर काढू.

डीआयएलआर हा तर निवडीचा खेळ. २०२४ला पाच सेट होते, म्हणजे एकेका माहितीवरचे प्रश्नांचे गट, मिळून २२ प्रश्न. मंडईत पहिल्याच गाळ्यावर पिशवी भरणाऱ्याची जी गत, तीच पहिल्याच सेटला चिकटून बसणाऱ्याची. सुरुवातीची पाच मिनिटं पाचही सेट नुसते बघण्यात घालवा. हे शिकायला ढीगभर सेट सोडवायची गरज नाही. मॉक झाल्यावर सोडून दिलेले सेट घड्याळ न लावता सोडवा, आणि हा मी का सोडला होता, तो निर्णय बरोबर होता का, एवढं लिहून ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे. मी शिकवलेल्यांतली निम्मी मुलं करत नाहीत.

आणि घाबरून सगळेच प्रश्न सोडवत सुटू नका. बरोबरला तीन गुण, चुकीच्या पर्यायाला एक वजा. समजा बहुपर्यायी प्रश्नच धरले. एकानं २४ सोडवले, १२ बरोबर, १२ चूक: ३६ वजा १२, म्हणजे २४. दुसऱ्यानं १४ सोडवले, १० बरोबर, ४ चूक: ३० वजा ४, म्हणजे २६. दोन बरोबर उत्तरं कमी असूनही तो पुढे. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नसतात, ते कोरे सोडू नका.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण राज्याची एमबीए सीईटीही देतील. तिथलं गणित वेगळं. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला दंड नाही, आणि त्यात ७५ प्रश्न एकट्या लॉजिकल रीझनिंगचे. एका प्रश्नाला ४५ सेकंद. तिथे वेग राजा.

मागच्या रांगेतून एक ताई विचारतायत: नोकरी दहा तास, हाती रोज दीड तास, कसं वाटायचं?

जाता-येता बसमध्ये वाचन, तो अर्धा तास रोजचाच. घरचा एक तास एक दिवस क्वांटला, एक दिवस डीआयएलआरला. शनिवारी काही नाही, झोपा. रविवारी मॉक आणि संध्याकाळी त्याची चिरफाड. आणि मॉक दर वेळी सकाळीच देऊ नका. परीक्षेचे स्लॉट तीन असतात, साडेआठ, साडेबारा, साडेचार, आणि तुम्हाला कुठला लागेल हे हातात नाही. तेव्हा येत्या रविवारी साडेबाराला बसा, आणि घरी आधीच सांगून ठेवा की जेवायला अडीचनंतर येते.